हीट गन पहिल्यांदा हातात घेताना

हीट गन घरात आली त्या दिवशी मी पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर ती चालू करून नोझलसमोर तळहात धरला. हेअर ड्रायरची सवय, दुसरं काय. वारा गरम येतोय की नाही हे हातानेच बघायचं. हात वीतभर लांब होता आणि बटण खालच्या टप्प्यावर होतं, म्हणून नुसत्या चटक्यावर निभावलं. बटण वर असतं तर तळहाताची साल निघाली असती.

दिसायला ही हेअर ड्रायरचीच थोरली बहीण. आत तशीच मोटर, तसाच पंखा, तशीच तापणारी तार. फरक आकड्यांत आहे. हेअर ड्रायरची हवा साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आत राहते. घरगुती हीट गन ५०-६० अंशांपासून सुरू होऊन ५५०-६०० पर्यंत जाते, काही मॉडेलं त्याहूनही वर. कागद सुमारे २३० अंशांच्या आसपास पेट घेतो. म्हणजे बटण निम्म्यावर असलं तरी कागद, भुसा, सुती चिंधी पेटायला पुरेशी हवा त्यातून येत असते. शेगडीचा जाळ डोळ्यांना दिसतो, त्यामुळे आपण नकळत जपून वावरतो. इथे जाळ तेवढाच आहे, फक्त दिसत नाही. नवख्यांच्या बहुतेक चुका त्या न दिसण्यातून होतात.

आच कशी ठरते

गनवर दिसणारा आकडा नोझलच्या तोंडाशी असलेल्या हवेचा असतो. समोरच्या वस्तूला प्रत्यक्ष किती आच लागते, हे त्या आकड्याबरोबर अंतरावर आणि वेळेवर ठरतं. नवा माणूस आकड्याकडे बघत बसतो. हात बसलेला माणूस आकडा एकदा लावतो आणि मग त्याचं सगळं लक्ष हाताकडे असतं: गन किती लांब आहे आणि एका जागी किती वेळ थांबली आहे.

हे वाचून कळत नाही, करून कळतं. एक टाकाऊ फळकूट घ्या, उघड्यावर किंवा खिडकीपाशी, विटेवर किंवा फरशीवर ठेवा. गन ३०० अंशांवर लावा आणि तोंड फळकुटापासून चार बोटं लांब धरा. हात हलवू नका, मनात आकडे मोजा. आधी वास येईल, सुताराच्या करवतीखाली येतो तसा. लाकडात राळ असेल तर गाठीपाशी बारीक बुडबुडे फुटायला लागतील. मग फिका तपकिरी ठिपका उमटेल. तो मधून गडद होत जाईल आणि धुराची पहिली बारीक रेघ वर येईल. तिथे थांबा. कितव्या आकड्याला ठिपका दिसला, कितव्याला धूर आला, ते पेन्सिलीने फळकुटावरच लिहा. आता शेजारच्या जागी पुन्हा तेच, पण इस्त्री फिरवावी तसा हात सतत फिरवत. तेवढ्याच वेळात लाकूड चांगलं तापेल, पण रंग बदलणार नाही. तिसऱ्या खेपेला अंतर दुप्पट करा आणि फरक बघा.

ठिपका दिसणं आणि धूर येणं, यांत किती कमी वेळ जातो ते या खेळात कळतं. म्हणून पुढे कुठलंही काम करताना वास आला की हात हलवायचा. धुराची वाट बघत बसलं तर तोवर उशीर झालेला असतो.

ज्यांच्याकडे बंदुकीसारखा दुरून तापमान दाखवणारा इन्फ्रारेड थर्मामीटर आहे त्यांना एक सूचना. चकचकीत धातूवर तो बराच कमी आकडा दाखवतो. पितळी नळ हाताला पोळत असताना यंत्र ‘४० अंश’ म्हणत राहील. धातूवर मास्किंग टेपचा छोटा तुकडा चिकटवून त्या टेपवर नेम धरा, म्हणजे खऱ्याच्या जवळचा आकडा मिळेल. अर्थात टेपला सोसेल इतपतच तापवायचं.

प्लग लावण्याआधी

घरगुती हीट गन साधारण १५०० ते २००० वॅटची असते. २३० व्होल्टवर २००० वॅट म्हणजे जवळपास ९ अँपिअर. जिथे १२० व्होल्टचा पुरवठा आहे तिथे १५०० वॅटची गनही साडेबारा अँपिअर ओढते. हा भार इस्त्रीपेक्षा कमी नाही, बहुतेकदा जास्तच. तेव्हा दिवा नि मोबाइल चार्जर लावायच्या हलक्या सॉकेटवर ती लावू नका. सॉकेट मजबूत हवं आणि प्लग त्यात घट्ट बसायला हवा. शंका असेल तर पाच मिनिटं चालवून गन बंद करा आणि प्लगवर हात ठेवून बघा. कोमट असेल तर ठीक. चटका बसत असेल तर आतली पकड सैल आहे, ते सॉकेट आधी दुरुस्त करून घ्या.

एक्स्टेन्शन टाळता आली तर उत्तम. लागलीच तर जाड वायरीची आणि आखूड घ्या. रिळावर गुंडाळलेली असेल तर पूर्ण सोडवा. गुंडाळलेल्या वायरीची उष्णता बाहेर पडायला वाट नसते, ती आतल्या आत साठून वेटोळंच वितळायला लागतं. त्याच बोर्डवर दुसरं मोठं यंत्र नको. ओल्या जागी, ओल्या हातांनी, न्हाणीघरात तर नाहीच.

मग जागा बघा. समोर काय आहे ते सगळेच बघतात, खाली आणि मागे काय आहे ते बघायचं राहून जातं. टेबलावर काम करणार असाल तर खाली फरशीचा तुकडा, वीट किंवा सिमेंटचा बोर्ड हवा. नुसता पत्रा टाकून भागत नाही. पत्रा पेटत नाही हे खरं, पण उष्णता जशीच्या तशी खाली पोचवतो आणि पत्र्याखालचं लाकूड करपतं. आणि वर्तमानपत्र? रंग खाली सांडू नये म्हणून वर्तमानपत्र पसरायची सवय ब्रशच्या कामाला चांगली, इथे ती घातक आहे.

मागची बाजू जास्त फसवी. चौकट आणि भिंत यांच्यातली फट, पाटीमागची पोकळी, छताच्या कडेचं लाकूड, अशा ठिकाणी वर्षानुवर्षांची धूळ, जळमटं, भुसा, कधी पाखरांच्या घरट्याच्या काड्या साठलेल्या असतात. गरम हवा फटीतून आत शिरते, काडी धुमसायला लागते. बाहेर काही दिसत नाही आणि तासाभराने आग. कारखान्यांत उष्णतेचं काम संपल्यावर अर्धा ते एक तास एक माणूस नुसता लक्ष ठेवायला उभा करतात तो याचसाठी. घरी आपण एवढं करू शकतो, की हीट गनचं काम सकाळी काढायचं. रात्री झोपायच्या आधी किंवा बाहेर पडायच्या घाईत कधीच नाही. फटी असलेल्या जागी काम करण्याआधी त्या व्हॅक्यूमने किंवा ब्रशने साफ करा आणि काम झाल्यावर तासाभराने तिथे परत जाऊन नाक लावून वास घ्या, हाताची मागची बाजू फिरवून बघा.

जवळ पाण्याची बादली असू द्या, पण लाकूड धुमसायला लागलं तर आधी प्लग काढायचा, मग पाणी. हा क्रम गोंधळात उलटा होतो, म्हणून प्लग हात पोचेल असाच लावा.

कपडे सुती. सिंथेटिक कापड जळण्याआधी वितळतं आणि कातडीला चिकटतं. सैल बाह्या दुमडा, केस बांधा, अंगठ्या आणि धातूचं घड्याळ काढून ठेवा. हातमोजे चामड्याचे किंवा उष्णता सोसणारे. रबराचे, नायट्रिलचे मोजे नसलेले परवडले, कारण तेही वितळतात. रंग किंवा गंज सुटणार असेल तर डोळ्यांवर चष्मा हवाच.

नवी गन पहिल्यांदा चालू केली की थोडा धूर आणि विचित्र वास येतो. आतल्या तारेवरचा तेलकट थर आणि धूळ जळते ती. घाबरायचं कारण नाही, पण हा पहिला प्रयोग उघड्यावर करा. पाच मिनिटांनीही धूर थांबला नाही तर मात्र प्लग काढा आणि गन परत करा.

हातात धरल्यावर

नेहमी सगळ्यात खालच्या टप्प्यावर सुरू करा आणि गरज पडली तरच वर जा. तोंड वस्तूला टेकवू नका. ते झाकलं गेलं की हवा अडते आणि आतली तार जळायच्या बेतात येते. बऱ्याच गनमध्ये अशा वेळी आपोआप बंद होणारा कटआउट असतो, पण त्याच्या भरवशावर राहू नये. मागच्या जाळीतून हवा आत ओढली जाते, तिच्यावर तळहात, बाही किंवा धुळीचा थर येऊ देऊ नका. कुणी हाक मारली म्हणून मान वळवली की गनही वळते. मी हे दोनदा केलं आहे, एकदा समोरच्या पडद्यावर. बोलायचं असेल तर आधी गन उभी ठेवायची.

गनबरोबर येणारी नोझलं गार असतानाच बदलायची. चपटं तोंड रंग आणि लांब पट्ट्यांसाठी, निमुळतं एका ठिपक्यावर आच द्यायला, चमच्यासारखं वळलेलं तोंड श्रिंक ट्यूबसाठी, म्हणजे तापवली की आक्रसणाऱ्या नळीसाठी. एका बाजूला पंख असलेलं नोझल काच वाचवायला असतं. सुरुवातीला काहीच लावलं नाही तरी चालतं.

बंद करणं हेही कामच आहे

सगळ्यात जास्त अपघात बटण बंद केल्यावर होतात असं मला वाटतं, निदान माझ्याकडचे तरी तेव्हाच झाले. आवाज थांबला की मेंदू म्हणतो, संपलं. मी एकदा दहा मिनिटांचं काम आटपून गन प्लास्टिकच्या टेबलक्लॉथवर आडवी ठेवली आणि फोन घ्यायला गेले. परत आले तर टेबलक्लॉथला नळीच्या मापाचं नेमकं अर्धगोल भोक, कडा उलटून कडक झालेल्या, खालच्या पॉलिशवर पांढरट चट्टा आणि घरभर वास. नशीब, वितळलं तेवढंच. तिथे कागद असता तर?

पंखा थांबला की आत साठलेली उष्णता बाहेर जायची वाटच बंद होते. ती नळीत, नोझलमध्ये, तारेच्या आधारात राहते. म्हणून काम संपल्यावर बटण थेट बंद करू नका. आधी सगळ्यात गार टप्प्यावर आणून दोन-तीन मिनिटं नुसती हवा वाहू द्या. मग बंद करा, प्लग काढा, आणि गन तोंड वर करून उभी ठेवा. बहुतेक गनची पाठ त्यासाठीच सपाट केलेली असते. उभ्या गनला धोका असतो तो वायरीचा. कुणाचा पाय अडकला, वायर ओढली गेली की ती आडवी. तेव्हा वायरीचा एक सैल वळसा टेबलाच्या पायाभोवती घ्या, झटका तिथेच जिरतो.

डब्यात ठेवायची घाई नको. नळीला हात लावून खात्री करायचा मोहही नको. अर्धा तास पोरांच्या आणि मांजरांच्या वाटेबाहेर उभी राहू द्या.

पहिलं काम: श्रिंक ट्यूब

शिकायला याहून चांगलं काम नाही. आच कमी लागते, चूक झाली तर पाच सेंटिमीटर नळी वाया जाते इतकंच, आणि चुकलं काय ते लगेच दिसतं.

चार्जरची, टेबललॅम्पची वायर तुटली, जोडली, की त्या सांध्यावर ही नळी चढवतात. तापवली की ती आक्रसून वायरीला घट्ट बसते. बाजारातल्या साध्या नळ्या पॉलिओलेफिन नावाच्या प्लास्टिकच्या असतात. ‘२:१’ लिहिलेलं असेल तर ६ मिलिमीटरची नळी आक्रसून ३ मिलिमीटरची होते. माप निवडताना दोन गोष्टी बघा: नळी सांध्यावरून सहज सरकली पाहिजे आणि आक्रसल्यावरचं माप वायरीपेक्षा थोडं कमी पाहिजे, नाहीतर ती सैलच राहील.

१. वायरीचा प्लग काढा. भिंतीत गेलेल्या वायरिंगच्या सांध्यांना हात लावू नका, ते वायरमनचं काम.

२. नळी कापा. सांध्याच्या दोन्ही बाजूंना अखंड आवरणावर एकेक सेंटिमीटर यायला हवी, आणि तापल्यावर ती लांबीलाही थोडी आखूड होते, तेवढी वाढीव धरा.

३. नळी वायरीत ओवा आणि मग वायरी जोडा. वाचताना हसू येईल, पण सुंदर डाग देऊन, म्हणजे वितळलेल्या धातूने सांधा जोडून (सोल्डर करून) झाल्यावर नळी टेबलावरच पडलेली दिसणं, हे प्रत्येकाच्या नशिबी एकदा तरी येतं.

४. सोल्डर करणार असाल तर नळी सांध्यापासून लांब सरकवून ठेवा. धातूतून आलेल्या उष्णतेनेच ती अर्धवट आक्रसते आणि मग सांध्यावर येत नाही.

५. डाग गार झाला की नळी सांध्यावर आणा. गन २०० ते २५० अंशांवर, तोंड पाच-सहा सेंटिमीटर लांब. मध्यापासून सुरुवात करून एकेका टोकाकडे जा, म्हणजे आतली हवा बाहेर निघत जाते. वायर बोटांत फिरवत राहा.

६. सांध्याचा उंचवटा नळीवरून दिसायला लागला की झालं. आतून गोंद असलेल्या नळीच्या टोकांशी गोंदाचा बारीक मणी डोकावतो. गन बाजूला घ्या आणि गार होईपर्यंत वायर वाकवू नका.

अशी नळी साधारण ९० अंशांपासून आक्रसायला लागते, तर वायरीवरचं पीव्हीसीचं आवरण ८०च्या आसपासच मऊ पडतं. म्हणून इथे ‘आणखी जरा’ हा मोह आवरायचा. नळी फारच चकाकायला लागली, रंग बदलला, कडेला तडा गेला, तर ती जळली आहे. कापून काढा, दुसरी घाला.

स्टिकर, गोंद, कडेची पट्टी

बाटलीवरचं लेबल, डब्यावरचं किमतीचं चिकटपान, कपाटावर मुलांनी लावलेले स्टिकर. यांना ६०-८० अंशांची ऊब पुरते. घरात हेअर ड्रायर असेल तर तोच वापरा, हीट गनची हौस दुसरीकडे भागवा. कडा उबवून नखाने उचला आणि वर न ओढता मागे दुमडून, जवळजवळ पृष्ठभागाला समांतर ओढा. सावकाश. फाटला तर त्या जागी ऊब कमी पडली असं समजायचं.

खिडकीच्या काचेवर जपून. काच उष्णतेने फुटत नाही, उष्णतेतल्या फरकाने फुटते. मधला भाग तापून फुगतो, चौकटीत दाबलेली कड गारच असते, आणि तडा कडेपासून सुरू होतो. थंडीच्या दिवसांत तर आधी लांबून सगळी काच कोमट करायची आणि मगच स्टिकरपाशी यायचं.

उरलेला चिकटपणा काढायला लोक थिनर, पेट्रोल किंवा सॅनिटायझर घेतात. घ्या, पण गनचा प्लग काढून, ती गार झाल्यावर, आणि बाटली दुसऱ्या खोलीतून आणून. त्यानंतर ‘थोडंसं राहिलं’ म्हणून पुन्हा गन लावायची नाही. त्या ओल्या जागेवरून वाफ उठत असते आणि ती पेट घेते.

टेबलाच्या, कपाटाच्या फळीची कडेची पट्टी सुटली असेल तर हीट गन खरोखर कामाला येते. बऱ्याच फर्निचरच्या पट्ट्यांमागे तापल्यावर वितळणारा गोंद असतो. पट्टी आणि फळी यांच्यातल्या फटीत मध्यम आच द्या. गोंद ओलसर चमकायला लागला की पट्टी बसवा आणि कापडात गुंडाळलेल्या लाकडी ठोकळ्याने दाबून धरा. गोंद गार होतानाच धरतो, त्यामुळे दाबून धरण्याची ती दोन मिनिटंच महत्त्वाची. अनेकांची पट्टी पुन्हा सुटते ती इथे हात लवकर काढल्यामुळे. लॅमिनेट फुगायला लागलं तर आच जास्त झाली, आणि फुगलेलं लॅमिनेट परत बसत नाही.

गंजून अडकलेल्या नटाला आच द्यायची तर नटालाच द्या, बोल्टला नको. नट फुगला की पकड सैल होते. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळे पोलादी बोल्टवरचं ॲल्युमिनियमचं झाकण पटकन सुटतं. आसपास रबरी वॉशर, ग्रीस, तेल असेल तर थांबा. आणि गॅसची नळी, रेग्युलेटर, गाडीतली इंधनाची वाट यांच्या सांध्यांना आच द्यायचा विचारही नको.

जुना रंग काढताना

हीट गन घेणाऱ्या पुष्कळांच्या डोक्यात हेच काम असतं. लाकडावरचा तेली रंग तिने छान निघतो. भिंतीवरचा पाण्यातला रंग नाही निघत, प्लास्टर मात्र तडकतं. तेव्हा दारं, खिडक्या, खुर्च्या.

पण आधी एक प्रश्न: रंग किती जुना आहे? जुन्या तेली रंगांत शिसं घालत असत. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ साली बंदी आली, अनेक देशांत त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. रंगाचे थरावर थर चढलेली जुनी चौकट असेल तर त्यात शिसं आहे असंच धरून चालावं. जास्त आचेवर शिशाची वाफ होते आणि ती श्वासातून शरीरात जाते. अमेरिकेत शिशाच्या रंगावर काम करणाऱ्या कारागिरांना ५९३ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त तापणारी हीट गन वापरायला मनाई आहे ती यामुळे. कमी आच ठेवली तरी खरवडताना उडणारी धूळ उरतेच, आणि ती सगळ्यात वाईट लहान मुलांना आणि गरोदर बायकांना. घरात यांपैकी कुणी असेल तर जुना रंग स्वतः काढू नका. आधी तपासून घ्या, शिसं निघालं तर माहीतगारावर सोपवा.

रंग नवा आहे याची खात्री असेल तर पुढे जा. खिडक्या उघडा. ज्या हातात जास्त जोर आहे त्यात स्क्रेपर, दुसऱ्यात गन. साधारण ३५० ते ४०० अंश, अंतर पाच ते आठ सेंटिमीटर, चपटं नोझल. हात एका वीतभर पट्ट्यावर पुढे-मागे फिरवा. रंग आधी मऊ पडतो, मग सुरकुततो, मग फोड धरतो. फोड उठला की गन पुढच्या वीतभर जागेवर सरकवा आणि मागून स्क्रेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेने सरकवत आणा. आच बरोबर असेल तर रंग रंध्याखालच्या ढलपीसारखा सलग, लवचीक निघतो. तुकडे तुकडे उडत असतील तर आच कमी आहे. चिकट लगदा होऊन स्क्रेपरला फासला जात असेल किंवा धूर निघत असेल तर जास्त आहे.

निघालेल्या पट्ट्या तापलेल्या असतात. त्या धातूच्या ट्रेमध्ये पडू द्या आणि पूर्ण गार झाल्याशिवाय कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका. स्क्रेपरची धार सारखी पुसत राहा. काचेच्या कडेला काच वाचवणारं नोझल लावा, नाहीतर तो शेवटचा सेंटिमीटर हाताने खरवडा. बारीक नक्षीच्या लाकडावर हीट गन वापरू नये असं माझं मत. नक्षीचे पातळ कोपरे रंगाच्या आधी करपतात.

रंग काढायचं रसायन लावून वर गन चालवणं मात्र कुठल्याही परिस्थितीत नाही. त्यातली बरीच रसायनं पेटतात. ज्यांत मिथिलिन क्लोराइड असतं ती तापली की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो.

या कामांना हात लावू नका

फ्रीजरमधला बर्फ वितळवणं. कल्पना सगळ्यांना सुचते. आतलं प्लास्टिक वाकतं, शिवाय आजच्या कित्येक घरगुती फ्रिजमध्ये आयसोब्युटेन असतो, म्हणजे पेटणारा वायू. नळीला तडा गेला तर काय होईल ते सांगायला नको.

मोबाइलची मागची काच उचलणं. दुरुस्तीवाले हे करतात, पण त्यांना बॅटरी नेमकी कुठे आहे हे माहीत असतं. लिथियम बॅटरी तापून एकदा भडकली की घरातल्या घरात विझवणं कठीण. स्प्रेचे डबे, लायटर हेही गनच्या आसपास नकोत.

नॉनस्टिक भांड्यावर चिकटलेलं काही. तो थर फार तापला की विषारी धूर सोडतो, आणि घरात पिंजऱ्यात पक्षी असेल तर त्याला तो धूर माणसापेक्षा फार आधी मारतो.

जुन्या व्हिनाइल फरशा. जुन्या फरशांत किंवा त्यांच्या गोंदात ॲस्बेस्टॉस असू शकतं. तापवून उचकटण्याआधी तपासणी.

केस वाळवणं, किंवा कपडे अंगावर असताना, ओले बूट पायात असताना ते वाळवणं. हे लिहावं लागतं, कारण लोक करतात.

भाजलंच तर

गन खाली टाकू नका, उभी ठेवा, प्लग काढा. भाजलेला भाग लगेच नळाच्या गार, वाहत्या पाण्याखाली धरा, २० मिनिटं. दोन मिनिटांत बरं वाटतं आणि माणूस हात काढतो, तसं करू नका. आतल्या थरांतली उष्णता जायला तेवढा वेळ लागतो. सूज चढायच्या आधी अंगठी, बांगडी काढा. बर्फ लावू नका. टूथपेस्ट, तेल, तूप, हळद काहीही नाही. ते उष्णता आत कोंडतं आणि नंतर डॉक्टरांना खरवडून काढावं लागतं. मग स्वच्छ, न चिकटणाऱ्या कापडाने सैलसर झाका. फोड आला तर फोडू नका. चटका स्वतःच्या तळहाताहून मोठा असेल, चेहऱ्यावर, बोटांच्या सांध्यावर किंवा डोळ्यापाशी असेल, किंवा जागा पांढरी पडून दुखेनाशी झाली असेल, तर पाणी झाल्यावर थेट दवाखाना गाठा. न दुखणारा चटका बरा वाटतो, पण तोच जास्त खोल गेलेला असतो.